आपापली तबकडी

दुसरबीडच्या समता गायन पार्टीत बारा-तेरा माणसं होती, आणि अमुक गाणं कोणाचं, हे तिथे कधी कुणी विचारलं नव्हतं. सहदेव एखादी ओळ घेऊन यायचा, कचरू ढोलकीवर तिची चाल चाचपायचा, तिसराच कोणी कडव्याचा शेवट जोडून द्यायचा. जयंतीच्या मंडपात गाणं एकदा उभं राहिलं की ते पार्टीचं. पुढे उभी राहून गायची ती सिंधूताई, कचरूची बायको. दिवसभर लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून आलेली ही बाई गायला लागली, की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचायचा.

मागे कोरसात भिमाबाई असायची. पन्नाशीची, विधवा, आवाज भरड आणि वरच्या पट्टीत चिरकणारा. सगळी गाणी पार्टीची असली तरी एक गाणं मात्र तिचं एकटीचं होतं. तिच्या सासरच्या गावात वरच्या विहिरीवर यांच्या जातीच्या लोकांना दोर टाकू देत नसत. ओढ्याकाठच्या जुन्या, पायऱ्या ढासळलेल्या विहिरीचं पाणी यांच्या वाट्याचं. एका उन्हाळ्यात तिची रुख्मी नावाची लेक तिथे पाय घसरून गेली. त्यानंतर भिमाबाई जात्यावर बसली की काहीबाही गुणगुणायची, त्याचंच हे गाणं झालं होतं.

घागर तरंगे वर, लेक माही खाली गं,
पाण्यानं इचारलं नाही, जात तुही कोनती गं.

कार्यक्रमाच्या शेवटी, तिला वाटलं तरच, ती हे म्हणायची. ढोलकी नाही, पेटी नाही. दोन ओळींच्या मधे इतकी थांबायची की नवख्या माणसाला वाटावं, बाई विसरली. शेवटच्या कडव्यात ती रुख्मीला नावानं हाक मारायची. ते झालं की लोक न बोलता उठून घरी जायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मेहकरच्या एका कार्यक्रमाला मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला आणि सहदेवाला बोलावून गेला. पार्टी उभी केली होती सहदेवानंच, त्यामुळे कोणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. त्याची तबकडी आली तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात ग्रामोफोनभोवती अख्खी पार्टी उभी होती. वर छापलं होतं, ‘सहदेव आणि पार्टी’. कचरूनं त्या ‘आणि पार्टी’वर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हे आपुन.”

सहदेव बोलला, “आता एकेकाची निंगू द्या. नाव एकाचं राहीन, पन मागं उभी सारी पार्टी. आज मी, उद्या सिंधू, परवा कचरू. कोनी एकटा नाही.”

सगळ्यांना ते पटलं. सिंधूताईला तर त्या दिवशी जमिनीवर पाय टेकवावेसे वाटेनात.

पण कंपनीला सिंधूताईकडून नवीन काही नको होतं. सहदेवानं बोलता बोलता भिमाबाईच्या गाण्याचा विषय काढला होता, त्यांना तेच हवं होतं. सहदेव आणि सिंधूताई भिमाबाईच्या दारात गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐकून घेऊन ती बराच वेळ सोलतच राहिली.

“मावशी, तुमचं मन नसन तं राहू द्या,” सिंधूताई म्हणाली.

“म्हन,” भिमाबाई म्हणाली. “तुहा गळा चांगला हाये. चार गावाले आयकू जाईन. पन रुख्मीचं कडवं मी म्हनीन. तेवढं माह्याकडं ठेव.”

“हाव मावशी. तेवढं तुमचंच.”

मुंबईत सहदेव, कचरू, सिंधूताई आणि भिमाबाईला एका बिनखिडकीच्या खोलीत नेलं. भिंतींना जाड गाद्यांसारखं काही ठोकलेलं होतं. बोललेला शब्द तोंडासमोरच विरून जायचा. रेकॉर्डिंगचे साहेब काचेपलीकडे बसले होते. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला, खेड्यापाड्याची चौकशी केली. मग त्यांनी गाणं ऐकलं आणि म्हणाले, “छान आहे, पण फार रेंगाळतं. तीन मिनिटांत बसायला हवं. ढोलकी घ्या, लय वाढवा.”

कचरूनं ढोलकी धरली. गाणं धावायला लागलं. शेवटच्या कडव्याला भिमाबाई पुढे आली, तिनं हाक मारली, आणि काचेपलीकडे साहेबांनी कानावरचे चोंगे झटकन काढले.

“आवाज फाटतोय. ह्या बाईंना जरा बाहेर बसवा. आणि हे कडवं नकोच, तसंही वेळेत बसत नाही.”

सिंधूताईनं सहदेवाकडे पाहिलं. सहदेव खाली बघत होता. कचरू ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला, त्या आधीच ओढलेल्या होत्या. म्हणजे बोलायचं तर तिनंच बोलायला हवं होतं. तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण समोर तो चकचकीत मायक्रोफोन होता, तिच्याकडेच तोंड करून उभा असलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी फक्त तिच्यासाठी थांबलं होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “थोडं भाईर बसा. एवढं झालं की बलावते.”

भिमाबाई पदर सावरत बाहेर गेली. तिला परत कोणी बोलावलं नाही. परतीच्या वाटेवर भाकरी सोडली तेव्हा पहिला तुकडा तिनं सिंधूताईलाच दिला.

तबकडी चालली. चालली म्हणजे अशी, की जालन्यापासून खामगावापर्यंत जिथे भोंगा तिथे सिंधूताई. बाजारात बाया तिला थांबवून हात लावून बघायच्या. कचरूला नवीन सदरा आला. आणि सहदेवाच्या पुतणीच्या लग्नात, दुसरबीडातच, पंगती बसल्या असताना भोंगेवाल्यानं सिनेमाची दोन गाणी वाजवून तिसरं हे लावलं.

घागर तरंगे वर, लेक माही खाली गं.

ढोलकीचा ठेका असा होता की मांडवातली लेकरं उठून नाचायला लागली. एका वऱ्हाड्यानं वरण वाढून घेता घेता मांडीवर ताल धरला. वाढत होती भिमाबाई. तिनं वरणाची बादली खाली ठेवली आणि मांडवाबाहेर चालू लागली. सिंधूताई हातातलं टाकून तिच्या मागे धावली आणि तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

“मावशी, थांबा ना.”

“लेकरं नाचून राह्यली होती, सिंधे.”

“लेकराइले काय समजते, मावशी?”

“लेकराइचं नाही म्हनत मी.” भिमाबाई वळली. “सारं गानं आयकलं म्या. माही रुख्मी कुठी गेली त्याच्यातून?”

“साहेबानं काढलं. टाइमात बसत नव्हतं.”

“साहेब तं परका होता. तू काऊन बोलली नाही?”

खरं उत्तर सिंधूताईला ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायचं कसं? मागे भोंग्यातून तिचाच आवाज, न दमता, पुढचं कडवं म्हणत होता.

पंधरवड्यात भिमाबाई भावाकडे सुलतानपूरला राहायला गेली. तिच्या पाठोपाठ पार्टीही उसवली. पेटीवाल्यानं स्वतःची तबकडी काढली आणि स्वतःची पार्टीही. कचरूला कंपनीनं बोलावलं, तेव्हा त्यानं ना सहदेवाला विचारलं ना बायकोला. त्या साली जयंतीला गावात तीन मांडव पडले, आणि तिन्हीकडचे भोंगे एकमेकांवर ओरडत राहिले. सहदेव आपल्या मांडवात एकटाच तबकड्या लावून बसला होता. ‘आणि पार्टी’ आता फक्त छापील उरलं होतं.

पुढे मेहकरला सिंधूताईचा कार्यक्रम ठरला, तिच्या एकटीच्या नावाचा. लोक बैलगाड्या जुंपून आले होते. दुसऱ्याच गाण्यानंतर ओरडा सुरू झाला, “घागर! घागर!” तिनं वेगळंच गाणं घेतलं. ओरडा वाढला. तिनं हात जोडले आणि सांगितलं, “ते गानं माहं नाही. मी म्हननार नाही.” लोकांना वाटलं बाई नखरे करते. शिट्ट्या झाल्या, कोणी जोडा भिरकावला, आणि कार्यक्रम तिथेच मोडला.

“डोकं फिरलं काय तुहं?” कचरू बरसला. “तू नाही म्हटलं तं ते गानं मरनार हाये काय वं? कंपनीनं दुसरी बाई पाह्यली बी. सहदेवच सांगत होता.”

तरीही सिंधूताईचं मन हलकं झालं होतं. आपण काहीतरी भरून दिलं, असं तिला वाटत होतं. आठवड्यानं ती एसटीनं सुलतानपूरला गेली. भिमाबाई अंगणात कापसातली काडी-कचरा वेचत बसली होती. “ये, बस,” म्हणाली. सिंधूताईनं मेहकरची हकिकत सांगितली, जोड्यासकट. तिला वाटलं होतं, मावशी पाठीवरून हात फिरवेल.

“काऊन नाही म्हटलं?” भिमाबाईचा आवाज चढला.

“तुमच्यासाठी, मावशी.”

“म्या कवा म्हटलं तुले, म्हनू नोको म्हनून? पयले माही लेक काढली त्याच्यातून, आता गानं बी बंद करून राह्यली. मंग उरलं काय?”

“मंग तुमी म्हना. तुमी म्हनलं तसंच मी शिकते. आता येथीच.”

भिमाबाईनं कापूस बाजूला सारून डोळे मिटले आणि पहिली ओळ धरली. ओळ बरोबर आली, संथ, जात्यावरची. दुसऱ्या ओळीला मात्र तिची मान नकळत ठेका धरायला लागली. गाणं धावलं. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच धावलं.

“रोज असंच होते,” ती डोळे न उघडता म्हणाली. “येथी बी भोंगा हाये. दिसभर वाजते. मी तोंड उघडते, अन् तुहा आवाज येते. माही चाल मले सापडत नाही, सिंधे.”

सिंधूताईनं आठवायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं पुढे उभी राहून तिनं ते गाणं पाठीमागून येताना ऐकलं होतं. दोन ओळींमधली शांतता तिला आठवत होती. तिनं एक ओळ हळू म्हणून पाहिली. भिमाबाईनं मान हलवली, नाही. आणखी एका वेगळ्या वळणानं म्हणून पाहिली. भिमाबाई क्षणभर ऐकत राहिली, “जवळ हाये,” म्हणाली, मग पुन्हा नकारार्थी मान हलवली.

ऊन कलेपर्यंत दोघी तेच करत बसल्या. शेवटी भिमाबाईनंच कापूस पुढे ओढला. अर्धा ढीग तिनं सिंधूताईकडे सरकवला, आणि सिंधूताई काड्या वेचायला लागली.

गाडीची वेळ झाली तशी भिमाबाई म्हणाली, “पुढच्या बाजाराले ये. पन गान्यासाठी येऊ नोको. अशीच ये.”

“हाव,” सिंधूताई म्हणाली, आणि लुगड्याला चिकटलेला कापूस न झटकताच स्टँडकडे निघाली.