ग्रेससाठी गार गाडी

माझ्या धाकट्या बहिणीचं, ग्रेसचं, लंडनहून पत्र आलं तेव्हा १९६३चा जुलै लागला होता आणि इथे इस्रायलमध्ये, बेअर शेवात, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. ग्रेस आणि तिचा नवरा आयझॅक दोन आठवड्यांसाठी येणार होते. आयझॅक दातांचा डॉक्टर. त्याला ऊन सोसत नाही, बसमध्ये त्याचं डोकं चढतं, म्हणून भाऊजींनी त्यांच्या गॅरेजमधून एक गाडी भाड्याने ठरवून ठेवावी, असं तिने लिहिलं होतं. छोटी चालेल, पण चांगल्यातली हवी. शाळेत असल्यापासून तिला सगळं चांगल्यातलं लागायचं आणि मिळायचंही.

आमचे हे, रूबेन पेणकर, मुंबईला भायखळ्याच्या एका गॅरेजात होते आणि इथेही मेकॅनिकच आहेत. गॅरेज अमिराम नावाच्या माणसाचं. परदेशी इंजिनिअर इथे कामाला येतात, त्यांना तो गाड्या भाड्याने देतो. ग्रेसचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग ह्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा एकदा स्वतः वाचलं. एकदा ऐकल्यावर पुन्हा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता माझा स्वभाव सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी जळकी आहे. शेजारणीचा फ्रिज, नणंदेचे केस, काहीही मला पुरतं. पण ग्रेसच्या बाबतीत मला कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी हे ठाण्याला मला बघायला आले, तेव्हा सरबताचा ट्रे ग्रेसने नेला. मी आत पातळाच्या निऱ्या चौथ्यांदा घालत होते. ह्यांनी पेला उचलला, सोळा वर्षांच्या ग्रेसकडे बघितलं आणि विचारलं, "हीच का?" मावशीने घाईघाईने सांगितलं की ही धाकटी, मोठी येतेय. मग मी बाहेर आले. होकार दुसऱ्या दिवशी आला. त्याच दिवशी का आला नाही, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

पत्र आलं आणि घरात गाड्यांशिवाय बोलणं उरलं नाही. गॅरेजात लहान आणि उंची अशा तीनच गाड्या होत्या. एक काळी इंग्लिश, एक निळी फ्रेंच आणि एक बदामी रंगाची इटालियन. हे जेवताना बोटांनी टेबलावर त्यांची दारं काढून दाखवायचे.

"काळी ऐटबाज आहे," हे म्हणाले, "पण काळा रंग ऊन पितो. त्यात सगळं रेक्झिन. दुपारी बसलं की मांडीला चिकटतं."

"कोणाच्या मांडीला?" मी विचारलं.

"बसणाऱ्याच्या," हे म्हणाले आणि वरणात भात कालवू लागले.

त्या शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या काढायला मी खण उघडला, तर तीन कमी. संध्याकाळी हे तिन्ही घेऊन आले. भर दुपारी प्रत्येक गाडीत मागच्या सीटवर एकेक मेणबत्ती उभी करून, काचा लावून, दोन तास तशाच ठेवल्या होत्या. काळ्या गाडीतली पार आडवी झाली होती. निळीतली मधेच वाकली होती. बदामी गाडीतली जराशीच कलली होती. हे तिघींकडे बघत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद, की पाझितच्या, आमच्या मुलीच्या, जन्माच्या वेळीसुद्धा मी तो पाहिला नव्हता. त्या शुक्रवारी मी वाकड्या मेणबत्त्यांवर ब्राखा म्हटली. देव मला क्षमा करो, पण प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं.

या गावात माझे अकरा उन्हाळे गेले. अकरा उन्हाळे मी बसने बाजार केला, हातात पिशव्या, पाठीला घाम. बसच्या कुठल्या बाजूला ऊन कमी लागतं, हे ह्यांनी मला एकदाही सांगितलेलं नाही. आणि ग्रेसला चटका बसू नये म्हणून माणूस दुपारी दोन वाजता बंद गाडीत स्वतःसुद्धा बसून बघत होता.

तिथेच थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण रविवारी हे सीटच्या मापाने कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन आले आणि म्हणाले, "बदामीतही सीट रेक्झिनचीच आहे. वर सुती कव्हर घातलं तर काम होईल. तुझं किपूरचं ते जुनं पांढरं पातळ आहे ना?"

किपूरच्या उपासाला आम्ही पांढरं नेसतो. ते पातळ आईने मला लग्नात दिलं होतं. ग्रेसलाही तसंच दिलं होतं, तिने लंडनला जाऊन त्याचे पडदे केले असं ऐकून आहे.

"आहे," मी म्हटलं आणि कापलं. मशीनवर बसून दोन दिवस कव्हरं शिवली. रागाने शिवलेली शिवण फार सरळ येते, हे तेव्हा कळलं. एकही टाका चुकला नाही.

मंगळवारी हे गाडी दुरुस्त करायला दिमोनाला गेले होते, म्हणून कव्हरं मीच गॅरेजवर नेली. अमिरामने मला आधी कधी पाहिलं नव्हतं. पातळ नेसलेली, काखेत बोचकं घेतलेली बाई बघून तो उठला.

"तू शिवणारी?" त्याने हिब्रूत विचारलं. माझं हिब्रू बाजारापुरतं आहे, पण एवढं कळतं. मी उत्तर देण्याआधीच त्याने कव्हरं उलगडून बघायला घेतली. "सुंदर. आता रूबेन शांत बसेल. दोन आठवडे माझं डोकं खाल्लंय त्याने. ही गाडी नको, ती नको. शेवटी मी विचारलं, बाबा, ही लंडनची बाई तुझी आहे तरी कोण? तर लाजला आणि म्हणाला, शेली."

शेली म्हणजे माझी. हिब्रूतले इतर शब्द मला हळूहळू आले, पण हा पहिल्या आठवड्यात आला. आल्या आल्या आम्हाला ठेवलं त्या तंबूंच्या छावणीत बादली असो की खाट, शेली म्हणून ओरडल्याशिवाय आपली राहायची नाही.

अमिराम हसत होता. त्याने मला थंड सोडा दिला. मी तिथेच उभी राहून तो सगळा प्यायले. मी रूबेनची बायको आहे, एवढं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण ते बोलले असते तर त्याचं हसू थांबलं असतं आणि त्याला माझी कीव आली असती. ते मला नको होतं. बाटली ठेवली आणि बस न पकडता चालत घरी आले.

हे चार वाजता आले. मी चहा ठेवला.

"कव्हरं पोचवली," मी म्हटलं. "अमिराम खूश आहे. म्हणाला, रूबेनची लंडनची बाई येणार आहे. तुम्ही तिला शेली म्हणालात म्हणे."

ह्यांनी मान वर केली. "शेली? छे. साली म्हटलं मी. मेव्हणीला हिब्रूत काय म्हणतात मला कुठे ठाऊक आहे? तोंडात आलं ते बोललो, भायखळ्याच्या गॅरेजातलं. त्याने शेली ऐकलं असेल."

साली आणि शेली. मला हसू फुटलं. इतकं हसले की कपातला चहा बशीत सांडला. छातीवरची धोंड उतरली म्हणतात ते काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. हे पण हसले. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी एस्तेर पेणकर आहे.

"मग त्याला सांगितलं का नाहीत, की चुकीचं ऐकलंस म्हणून?"

ह्यांनी माझ्या बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"कळलं तर होतं ना तुम्हाला, तो काय समजला ते?"

"कळलं होतं."

"रोज तो शेली शेली करून चिडवत असेल."

"करतो."

"मग?"

ह्यांचा एक दोष आहे, ह्यांना खोटं बोलता येत नाही. कपाचा कान धरून ह्यांनी कप दोनदा फिरवला. "बरं वाटायचं ऐकायला," हे म्हणाले.

मी ओरडेन असं मला वाटलं होतं. ओरडले नाही. पंधरा वर्षं जे ह्यांच्या तोंडून काढायचं होतं ते निघालं, आणि मला वाटलं, हे आत्ता खोटं बोलले असते तर मी ह्यांचे पाय धरले असते.

"तुला सोडून दुसरीकडे कुठे, असं कधी मनात आलं नाही," हे हळूच म्हणाले. "तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"ते लोक गुरुवारी येतील," मी म्हटलं. "तेव्हा अमिरामला सांगायचं. माझ्यासमोर. मेव्हणीला काय म्हणतात ते कोणालातरी विचारून घ्या."

हे उठून समोरच्या येहुदितकडे गेले. तिने गिसा हा शब्द सांगितला. येताना जिन्यात हे तो पाठ करत होते, गिसा, गिसा, ही माझी गिसा. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

गुरुवारी ग्रेस आणि आयझॅक बसने आले आणि स्टँडवरून आम्ही चौघं थेट गॅरेजवर गेलो. ग्रेस थोडी तरी सुटली असेल, अशी मला आशा होती. तशी काही सोय तिने ठेवली नव्हती. बिनबाह्यांचा झगा, काळा चष्मा, आणि उन्हातसुद्धा चेहरा जसाच्या तसा. आयझॅक मात्र टोमॅटो झाला होता.

अमिराम हात पुसत बाहेर आला. आधी ग्रेसकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"तर ही शेली," तो म्हणाला.

"नाही," हे म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. "ही साली."

"साली?" अमिराम गोंधळला. हिब्रूत साली म्हणजे माझी टोपली. "तुझी टोपली?"

"गिसा," हे मोठ्याने म्हणाले. "ही माझी गिसा. शेली ही." आणि सगळ्यांसमोर ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर चारचौघांत ह्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. अमिरामने मला ओळखलं, कव्हरं आणणारी बाई, आणि तो एकदम बुटांकडे बघायला लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही असं नाही. पण 'गिसा' हे पाठ करून आले होते, आणि 'बरं वाटायचं ऐकायला' मात्र पाठ न करता बोलले होते. खांद्यावरचा हात गरम होता. मी तो काढला नाही.

"काय म्हणतोय ग तो, ताई?" ग्रेसने विचारलं. तिला हिब्रूचं अक्षर येत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उकाड्याबद्दल बोलतोय," मी म्हटलं.

ग्रेसने बदामी गाडीचं दार उघडलं आणि आत बसली. मग चष्मा काढून सीटवरून हात फिरवला. ते आईने दिलेलं पातळ आहे हे तिला ओळखू आलं नाही.

"अगंबाई, बाहेर नुसती भट्टी आहे आणि इथे किती बरं वाटतंय. चटकासुद्धा बसत नाही." तिने मान बाहेर काढली. "भाऊजी, तुम्ही निवडली ना ही?"

ह्यांनी तोंड उघडलं. या एका प्रश्नासाठी हा माणूस दोन आठवडे उन्हात बसला होता. एक शब्द बोलायचा, ग्रेस हसणार, आणि ते हसू ह्यांना जन्मभर पुरणार. मला ते दोघांनाही मिळू द्यायचं नव्हतं.

"मी निवडली," मी म्हटलं.

"तू?" ग्रेस हसली, पण माझ्याकडे बघून. "तुला ग गाड्यांतलं काय कळतं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आयझॅकने रुमालाने मान पुसली.

"हिनेच निवडली," हे म्हणाले आणि किल्ली आयझॅकच्या हातात दिली.