वरचा एस

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझं शून्याचं बटण अडकतं, हे आधीच सांगून टाकतो, मग कुरकुर नको. जन्म कारखान्यातला, पण माणसांत आलो तो कोपरखैरण्याला, झेबाच्या घरी. ती बायोकेमिस्ट्री शिकून प्राध्यापक होईपर्यंत तिची सगळी आकडेमोड मीच केली. "हा कधी चुकत नाही," असं ती चारचौघांत सांगायची आणि माझी छाती फुगायची. मग मोबाइल आला. मी खणात, सुकलेल्या पेनांच्या शेजारी जाऊन पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते तिच्या धाकट्या बहिणीनं, अफिफानं. एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेत मागच्या वर्षी तिची जागा हुकली होती. तिथे कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि ही बाई हातानं लांबलचक भागाकार करत बसलेली! निम्मा पेपर कोराच राहिला.

"आपा, जाम टेन्शन आलंय. यंदा पण राहिलं तर मी परत बसणार नाही."

"मग सगळं मोजतेस कशाला? अंदाज शिक," झेबा म्हणाली. तिनं सरावाच्या पेपरातला चार पर्यायांचा एक प्रश्न घेतला आणि एन्झाइमच्या वेगाचं सूत्र लिहिलं. वर कमाल वेग गुणिले एस, खाली केएम अधिक एस. एस म्हणजे एन्झाइमला मिळणाऱ्या कच्च्या मालाचं प्रमाण, केएम म्हणजे त्या एन्झाइमचा ठरलेला आकडा. "कमाल वेग शंभर, केएम पन्नास, एस फक्त ०.२. पन्नासापुढे एवढुसा एस, सोडून दे."

अंदाज! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दशांश सोडायचे तर मी हवा कशाला?

अफिफानं खूश होऊन खालचा एस खोडला आणि वरचाही. शंभर भागिले पन्नास, उत्तर दोन.

"अगं, काय केलंस हे? आता ह्याला विचार."

तिनं माझी बटणं दाबली, प्रत्येक शून्य तर दोनदा. मी दाखवलं, ०.३९८.

"या अल्ला! दोन कुठे नि हे कुठे!"

"खाली एस पन्नासात मिळवायचाय, तिथे असला काय नि नसला काय. वर त्यानं गुणायचंय. तो गेला की सगळंच गेलं. खालचा खोड, वरचा ठेव."

वर शंभर गुणिले ०.२, म्हणजे वीस. वीस भागिले पन्नास, ०.४. "पर्यायांत आहे की!" अफिफा ओरडली.

"आणि एस नि केएम जवळपास असले तर कुणालाच हात लावायचा नाही, कळलं?"

मग आमचं छान जमलं. अंदाज तिचा, पडताळा माझा. पुढे पुढे ती मला कमीच विचारू लागली, आणि गंमत म्हणजे मला त्याचा आनंद व्हायला लागला.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर झेबाच्या पर्समध्ये होतो. अफिफा धावतच आली. "आपा, अख्खा पेपर झाला! वर वेळ पण उरला!" पुढे तिला जागाही मिळाली.

होस्टेलची बॅग भरताना झेबानं मला उचललं. "हे डबडं कशाला? मोबाइल आहे ना?"

अफिफानं मला तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे, आपा. हा वरचा एस आहे."

तर मित्रांनो, लहान किंवा जुनं म्हणून काही खोडण्याआधी ते कुठे उभं आहे तेवढं बघा. आणि माझं शून्य जरा जोरात दाबा.