नंबरचा तुकडा

पाइपचा दुसरा फटका गुडघ्यावर बसला आणि रेवाई झुडपात कोसळली, तरी टीव्हीच्या खोक्याची सुतळी तिने सोडली नाही.

"सोड की, मावशी. कशाला हाडं मोडून घेतेस?" लर्नमोर म्हणाला. पाइप त्याच्या साथीदाराच्या हातात होता.

तासाभरापूर्वी हाच हातगाडी घेऊन बसपाशी आला होता. जोहान्सबर्गहून निघालेली बस सरहद्दीच्या दोन किलोमीटर अलीकडे बंद पडली होती. नारिंगी जाकिटातला हा हमाल तिच्यासारखाच शोना बोलणारा, म्हणाला, आडवाट जवळची आहे. अकरा वर्षं परमुलखात काढलेल्या बाईच्या कानावर घरची बोली पडली की तिची अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

"नाही सोडत. अकरा वर्षं लोकांच्या फरशा पुसल्यात मी याच्यासाठी," ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडावर लाथ घातली. रेवाईने दात थुंकला, त्याचा घोटा मोकळ्या हाताने धरला आणि उरलेल्या दातांनी कडकडून चावली. तो गुरासारखा ओरडला. मग पाइपवाल्याने तिच्या पाठीत इतके फटके हाणले, की सुतळीवरची तिची बोटं आपोआप सुटली.

तिकडे सरहद्दीपलीकडे, तिच्या गावी चिवीत, तिच्या भावाने छपरी बांधून ठेवली होती. बारा बाकं सुताराकडून करून घेतली होती. शनिवारी सगळ्या गावाला फुटबॉल दाखवायचा, माणशी थोडे पैसे घ्यायचे आणि पुन्हा म्हणून कुणाची फरशी पुसायची नाही, एवढाच तिचा बेत होता.

पाइपवाल्याला तिच्या बुटात बिल सापडलं. लर्नमोरने ते वाचलं आणि खूश झाला. "नऊ हजार दोनशे. देशाबाहेर नेतोय म्हणून सरहद्दीवरच्या खिडकीत दाखवलं की कराचे बाराशे रँड परत मिळतात."

"मग जा घेऊन."

"गाढवा, बिल हिच्या नावाचं. खिडकीवर वस्तू, बिल आणि पासपोर्टातलं थोबाड, तिन्ही लागतात. आणि थोबाड तू फोडून ठेवलंस."

"लाथ तू घातलीस," पाइपवाला पुटपुटला.

त्यांनी तिला नळावर नेऊन तोंड धुवायला लावलं. खोकं पुन्हा हातगाडीवर चढलं. पाइपवाला मागे राहिला आणि लर्नमोर जाकिटाखालून तिच्या कमरेला सुरी लावून चालू लागला. "ओरडलीस तर पोटात घालीन. पैसे मिळाले की तू तुझ्या वाटेने, मी टीव्ही घेऊन माझ्या."

खिडकीवर नेत्शिफेफे नावाचा वेंडा जमातीचा म्हातारा कारकून होता. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने पासपोर्ट पाहिला, मग तिचा सुजलेला चेहरा.

"तोंडाला काय झालं, बाई?"

"पडले."

"बसमधून पडली हो आमची मावशी," लर्नमोर म्हणाला. "आधीच वेंधळी."

म्हातारा त्याच्या जाकिटाकडे बघत राहिला. मग बाजूच्या दारातून बाहेर आला, खोकं उघडायला लावलं, टीव्ही टेबलावर पालथा घातला आणि मागचा नंबर बिलाशी ताडू लागला. एकेका आकड्यावर बोट ठेवत, तोंडाने म्हणत. रांगेतले लोक कुरकुरले. त्याला फिकीर नव्हती. नंबर जुळल्याशिवाय शिक्का नाही, हा त्याचा एकोणीस वर्षांचा धर्म. जुळला, आणि त्याने शिक्का मारला.

"पैसे?" लर्नमोरने विचारलं.

"रोख नसतात. कार्डावर येतील, बाईच्या नावाच्या. तिचा पासपोर्ट दाखवूनच निघतील."

लर्नमोरचं तोंड उतरलं. "बरं. चल, मावशी, टीव्ही उचल." सुरीचं टोक तिच्या बरगडीत रुतलं.

रेवाई हलली नाही. सगळं गेलंच होतं आता. छपरी, बाकं, शनिवार. पण ते या माणसाच्या घशात ती जाऊ देणार नव्हती. "साहेब, शिक्का बसलाय. आता टीव्हीचं काही झालं, तर माझे पैसे बुडतील?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला. नजर लर्नमोरवरून हलली नाही. "टीव्ही आज देशाबाहेर जायला हवा. धड की फुटका, ते मला कुणी विचारायला सांगितलेलं नाही."

तिने टीव्ही दोन्ही हातांनी उचलला आणि गर्रकन वळून त्याची कड लर्नमोरच्या नाकावर मारली. हाड मोडल्याचा आवाज रांगेने ऐकला. तो खाली बसला, तशी तिने सुरीच्या हातावर मारलं. मग खांद्यावर. मग डोक्यावर. काच पावसासारखी सांडत होती आणि ती मारत होती, अकरा वर्षांत कुणावर आवाजही न चढवलेली बाई. कुणी तिला अडवलं नाही. शेवटी तिच्या हातात नुसती चौकट उरली. पहारेकरी आले, त्यांनी सुरी उचलली आणि कण्हणाऱ्या लर्नमोरला पाय धरून ओढत नेलं.

मग ती टेबलाला टेकून बसली आणि रडली. "बारा बाकं आहेत हो," ती म्हाताऱ्याला सांगत होती. "बारा."

म्हाताऱ्याने कोपऱ्यातला झाडू आणला आणि काच गोळा करू लागला. दोन हात मारले नाहीत तोच रेवाई डोळे पुसून उठली.

"द्या इकडे. तुम्हाला जमायचं नाही."

तिने फरशी अशी झाडली, की काचेचा कण उरला नाही. सगळे तुकडे खोक्यात भरले.

"नंबरचा तुकडा वर ठेव," म्हातारा म्हणाला. "पलीकडे विचारतील."

लंगडत, हातगाडी ढकलत तिने पूल ओलांडला. पलीकडचा जकात अधिकारी खोक्यात डोकावला, मग तिच्याकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "भंगारावर जकात नाही, आई. जा तू."

"भंगार नाही, टीव्ही आहे," रेवाईने नंबरचा तुकडा त्याच्यापुढे धरला. "टीव्ही लिहा."

त्याने लिहिलं: टीव्ही, एक. तिने खोक्याची सुतळी पुन्हा आवळली, गाठ ओढून पाहिली आणि चिवीची बस कुठे लागते ते विचारलं.