केळीच्या चेंबरशेजारी सुंबुल

—ऐकताय ना?

—बोल.

—उघडलं.

*

यंदाही पानंच.

अंगणात सात कुंड्या. सातही हिरव्यागार, जाड चकचकीत पानांच्या, आणि मधोमध, जिथून दांडा वर यावा, तिथे काही नाही. फेब्रुवारी अर्धा सरला होता. फजरची नमाज झाली की सलाउद्दीन रोज पानं बोटांनी फाकवून आत बघायचा, विहिरीत बघावं तसं.

सुंबुल हे काश्मीरचं फूल. बर्फ वितळला की जमिनीतून वर येतं. त्याचा कंद दिसायला कांदाच, जांभळट सालीचा. हाताळला की हात खाजतात. शहाद्यात नुसता लावला तर कुजतो, त्याला आधी थंडी दाखवावी लागते. सकीना, सलाउद्दीनची बायको, दर नोव्हेंबरात शाली विकायला येणाऱ्या काश्मिरी चाचाकडून ते कांदे घ्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळून दोन महिने फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवायची. कांद्याला वाटायचं, हिवाळा झाला. जानेवारीत कुंडीत लावले की महिनाभरात निळे तुरे.

"फसवते मी त्यांना," ती म्हणायची. "तुम्ही केळ्यांना फसवता तसं."

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून कांदे सलाउद्दीन लावतो. तेवढेच दिवस, तोच फ्रिज, तोच खण. आणि तीन वर्षं

*

—ऐकताय ना?

—बोल.

—उघडलं. निळं. येऊन बघून जा.

—गाडी भरतोय, सकीना. तासाभरात येतो.

*

वास मात्र येतो. फूल नाही, तरी वास. जानेवारी संपता संपता एका सकाळी अंगणात उतरतो, गोड, थंड, जरासा ओल्या कपड्यासारखा, आणि मग दारातून आत सरकतो. सलाउद्दीनला पहिल्या वर्षी वाटलं, आपलंच डोकं फिरलं. पण त्याच्या केळी पिकवायच्या चेंबरवरचा हमाल लोटन गोदामाची किल्ली न्यायला आला आणि उंबऱ्याशीच थबकला.

"शेठ, घरमा अत्तर सांडनं का काय? पार गल्लीलोंग वास यी ऱ्हायना."

"त्या कुंड्यांचा असेल."

लोटनने सातही कुंड्यांत वाकून पाहिलं. "फूल कुठे शे?" मग हसून म्हणाला, "कांदाले इतला जीव कोन लावस, शेठ?" हसला खरा, पण त्यानंतर तो किल्ली दारातूनच मागतो.

सून अलमास त्या दिवसांत अंगणाकडची खिडकी लावून घेते.

*

—तासाभरात येतो.

—बरं. तोवर थांबवून ठेवते त्याला.

*

तिला दोन दिवस ताप होता. नुसता ताप. त्या फोननंतर सलाउद्दीन तासाभरात नाही, तीन तासांनी पोचला, आणि अंगणातल्या खाटेवर सकीना कुशीवर निजली होती ती उठलीच नाही. माणसं जमली, कुंडी कुणीतरी कोपऱ्यात सरकवली. आठवण झाली तेव्हा फूल काळं पडून वाळलं होतं. ते उघडलेलं त्याने पाहिलंच नाही.

तोवर थांबवून ठेवते.

थांबवलंय, हे तर दिसतच होतं. का थांबवलंय, एवढंच त्याला कळायला हवं होतं. वाट बघत, की रागाने? फूल आलं तर तिने माफ केलं. नाही आलं तर

*

काश्मिरी चाचा परत गावी निघाला की निरोप घ्यायला येतो. वीस हिवाळे शहाद्यात काढून तो मराठी बोलायला शिकलाय, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंगाशी त्याचं जमत नाही.

त्याने कुंड्या पाहिल्या. "सेठ, ही कांदा मी चांगला दिला होता. तू ठेवला कुठे?"

"फ्रिजमध्ये. तिच्याच."

"दाखव."

फ्रिज आता घरी नव्हता. सकीना गेल्यावर स्वयंपाकघरातली त्याची घरघर सलाउद्दीनला ऐकवेना, म्हणून त्याने तो केळीच्या गोदामात नेऊन ठेवला होता, पिकवायच्या चेंबरला टेकून. चेंबरमध्ये हिरव्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत. आत गॅस सोडायचा, चार दिवसांत केळी पिवळी. चाचाने फ्रिज उघडला. दाराचं रबर बोटाने दाबलं. ते सैल, फाटलेलं. मग चेंबरच्या दाराशी जाऊन हवा हुंगली.

"आमच्या गावात सफरचंदाच्या खोलीत सुंबुल कुणी ठेवत नाही," तो हळूच म्हणाला. "फूल काश्मीरहूनच आत तयार येते, सेठ. इतकी छोटी. पिकणाऱ्या फळाची हवा लागली की आतच मरते. पान येते. फूल नाही."

"म्हणजे दर वर्षी... होतं?"

"दर वर्षी."

*

चाचा गेल्यावर सलाउद्दीनने अंगणात गोणपाट अंथरलं, कांदे उपटले आणि सुरी घेतली.

पहिला उभा चिरला. पांढऱ्या पापुद्र्यांच्या गाभ्यात, पानांच्या बुडाशी, वाळक्या मनुक्याएवढी तपकिरी कळी. दुसऱ्यात तशीच. तिसऱ्यात हात लावताच भुगा झाली.

अलमास दारात आली. "अब्बा, असू द्या ना. पुढच्या वर्षी घरातल्या नव्या फ्रिजमध्ये ठेवू."

"ती थांबवत नव्हती, बेटा. ती पाठवत होती. मीच."

चौथा. पाचवा. सहावा. त्याला थांबता येईना. हात खाजून लाल झाले होते, अंगण त्या वासाने गच्च भरलं होतं, आणि सातवा कांदा इतरांपेक्षा लहान होता, पानंही आखूड. सुरी त्यात निम्मी उतरल्यावर त्याला आठवलं, की हा वर्तमानपत्रात नव्हता. कागद संपला होता, म्हणून हा एकटा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता.

तोवर सुरी गोणपाटाला टेकली.

दोन शकलं अलग झाली. गाभ्यात दांडा होता. बोटाच्या पेराएवढा, ओला, पोपटी, आणि त्याच्या अंगाला चिकटलेल्या चाळीसेक बारीक कळ्या, टोकांना आत्ताच निळ्या होऊ लागलेल्या. आठवड्याभरात वर आला असता. त्याच्या बरोबर मधून सुरी गेली होती.

सलाउद्दीनने दोन्ही शकलं उचलली आणि एकमेकांवर नीट बसवली, कळीला कळी लावून, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत दाबून धरली. बोटांच्या फटींतून चिकट रस मनगटावर उतरत राहिला.

असरची अजान झाली. तो उठला नाही. अलमासने चहा आणून पुढे धरला, "अब्बा, घ्या," म्हणाली, पुन्हा म्हणाली. चहा घ्यायचा तर एक हात तरी मोकळा करावा लागला असता.