रखमाजीला कुणी मारलं

झेंडावंदन झालं आणि बब्रुवान गुरुजींनी समोरच्या पोरांना विचारलं, "आज सतरा सप्टेंबर. सांगा बरं, आज काय झालं होतं?"

"सुट्टी!" एक पोरगी म्हणाली.

"इंग्रज गेले," दुसरा म्हणाला.

"ते पंधरा ऑगस्टला गेलते की. आज काय परत गेले व्हय?"

सगळी पोरं हसली, नवे मास्तरही हसले. गुरुजींना हसू आलं नाही. जळकोटजवळच्या याच गावात, याच शाळेत त्यांनी उभा जन्म इतिहास आणि इंग्रजी शिकवली होती. शाळेच्या फाटकावर त्यांच्या चुलत्याचा, रखमाजीचा, मोठा फ्लेक्स लागला होता. वर इंग्रजीत 'फ्रीडम फायटर' लिहायला गेले होते. पण फ्रीडममधला एक ई कुठं गळाला होता आणि फायटरमध्ये जी-एचचा पत्ताच नव्हता.

"नंदीश, अरे स्पेलिंग तरी बघायचं," गुरुजी फ्लेक्सवाल्याला म्हणाले.

"गुरुजी, फोटो बघत्यात लोक. वाचतंय कोण?"

नंदीशला इंग्रजी त्यांनीच शिकवली होती.

यंदा गावातल्या हरिनाम सप्त्याचा सहावा दिवस नेमका आजच आला होता. सकाळच्या कीर्तनात महाराज रखमाजीची कथा घेणार होते. म्हणून महाराजांचा फराळ गुरुजींनी मुद्दाम आपल्याकडं मागून घेतला होता. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुसऱ्या माणसाचं ताट पडलं नव्हतं. पहाटे उठून त्यांनी स्वतः शिरा केला. थोडा खाली लागला.

कृष्णराज महाराज आले. गुरुजींचाच विद्यार्थी, गोड गळ्याचा. वाकून पाया पडले, खाली बसले आणि लागलेला शिरासुद्धा मागून घेतला.

"कृष्णराज, आज नीट ऐक," गुरुजी म्हणाले. "इंग्रज गेल्यावरही आपण वर्षभर, अठ्ठेचाळीसच्या सतरा सप्टेंबरपर्यंत, निजामाच्या राज्यात होतो. रखमाजी सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात लढणाऱ्या पोरांना भाकरी पोचवायचा. वहाणा वाजू नयेत म्हणून गळ्यात अडकवून चालायचा. ओढ्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी त्याला गोळी घातली. मी चार वर्षांचा होतो. त्याला घरी आणलं तेव्हा वहाणा गळ्यातच होत्या."

महाराजांचे डोळे भरून आले. "वहाणा गळ्यात... गुरुजी, हे मला कुणीच सांगितलं न्हवतं. आज हेच घेतो बघा."

गुरुजींना वाटलं, झालं. आता हे गावाला कळणार. महाराजांच्या तोंडून कळलं की माणसाच्या काळजात बसतं, शाळेतल्या फळ्यावर तसं बसत नाही.

मांडव गच्च भरला होता. मृदंगावर थाप पडली, टाळकरी एका लयीत झुलू लागले आणि गुरुजींच्या अंगावर काटा आला. कीर्तनात त्यांना कधीच एकटं वाटायचं नाही. डोळे मिटले की मांडव घरासारखा व्हायचा.

महाराज कथेवर आले. "वहाणा गळ्यात अडकवल्या. पायात काटे, डोक्यावर भाकरी, मुखात नाम! ओढ्यात उतरला, अन् समोर कोण? गोरा साहेब! घोड्यावर बसलेला इंग्रज!"

गुरुजींनी डोळे उघडले.

"साहेब म्हणाला, भाकरी कुणाला? रखमाजी म्हणाला, माझ्या भारतमातेच्या लेकरांना! अन् गोळी सुटली..."

बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "गुरुजी, वहाणा गळ्यातच हुत्या म्हणं. असं कुणी उगं सांगंल का?"

वहाणा खऱ्या होत्या, म्हणून साहेबही खरा झाला होता. आणि त्या वहाणा गुरुजींनीच आपल्या हातानं दिल्या होत्या.

ते उठू शकत होते. पण महाराज नारदाच्या गादीवर उभे होते. गादीवर उभ्या असलेल्याला मधे तोडायचं नाही, हे गुरुजी लहानपणापासून पाळत आले होते. गादी कृष्णराजाची नव्हती. ते हात जोडून बसून राहिले आणि आरतीची वाट बघत राहिले.

आरती झाली. महाराज गादीवरून उतरताच गुरुजी पुढं झाले, पायावर डोकं ठेवलं आणि मग हळूच म्हणाले, "महाराज, ते इंग्रज..."

"गुरुजी, आता दुसऱ्या गावाला दुपारचं कीर्तन हाय. गाडी चालू हाय." मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून खालच्या आवाजात म्हणाले, "रझाकार म्हणलं की निजाम सांगावा लागतो, मग कॅम्प सांगावा लागतो. लोकांची समाधी मोडते. इंग्रज म्हणलं की लगेच कळतं. रडले न्हाय का सगळे?"

"रडले," गुरुजी म्हणाले.

गाडी गेली. भोंग्यावरून पंगतीची हाक झाली. गुरुजी वळले, लोकांना सांगायला, तर मांडव रिकामा. फक्त विणेकरी श्रीनाथ उभा होता. सप्ता संपेपर्यंत वीणा खाली ठेवायची नसते, मांडवाबाहेर न्यायची नसते, आणि त्याला बदली आली नव्हती.

"श्रीनाथ, तुला ऐकायला वेळ आहे का?"

"न्हाय म्हणून जाऊ कुठं, गुरुजी? वीणा गळ्यात हाय." तो हसला. "सांगा."

गुरुजींनी सगळं सांगितलं. निजाम, सरहद्द, रझाकार, ओढा. श्रीनाथ तार छेडत ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "त्या भाकरी कुणी केल्या होत्या?"

गुरुजी थबकले. आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं.

"माझ्या आईनं," ते म्हणाले. "ती पुढं किती तरी वर्षं म्हणायची, त्या दिवशी पीठ संपलं असतं तर बरं झालं असतं."

श्रीनाथची बोटं तारेवर थांबली, पुन्हा सुरू झाली.

"आण इकडं," गुरुजी म्हणाले. "जा, जेवून घे."

दोघं एकमेकांच्या पाया पडले. वीणा गुरुजींच्या गळ्यात आली आणि श्रीनाथ पंगतीकडं गेला. थोड्या वेळानं कनातीपलीकडून त्याचा आवाज आला, "आरं, इंग्रज न्हवतंच ते. निजामाचं राज्य हुतं. गुरुजींनी आत्ता सांगितलं."

"महाराजांपरीस तुला लई कळतंय व्हय रं? आमटी घे."

हशा पिकला. श्रीनाथ आणखी काहीतरी म्हणत होता, पण भांड्यांच्या आवाजात ते ऐकू येईना. जावं आणि त्याच्या बाजूनं उभं राहावं, असं गुरुजींना फार वाटलं. एक पाऊल उचललंही. मग त्यांनी गळ्यातल्या वीणेवर हात ठेवला, पाऊल मागं घेतलं आणि रिकाम्या मांडवात तार छेडत नाम घेत उभे राहिले.