म्हणे, बटण बिघडेल शे!

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, लिफ्टचं नव्हे, दारावरच्या घंटीचं तर मुळीच नव्हे. मी खेळातलं बटण आहे, काचेच्या आत राहणारं. रंग हिरवा, आणि अंगावर पिवळ्या अक्षरांत ‘सौदा’ असं लिहिलंय. आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. गोड बोलणारं बटण हवं असेल त्याने दुसरा खेळ बघावा.

माझा जन्म सारंगखेड्याचा. भटू पाटलांच्या घराची माडी, खाली केळीचे घड, वर त्यांची मुलगी चेतना आणि तिचा जुना लॅपटॉप. शहाद्याला कॉम्प्युटर शिकून आलेली ही पोरगी आमच्या यात्रेवर खेळ बनवत होती. नाव ‘घोडेबाजार’. खेळणारा यात्रेत फिरतो, घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, आणि जनावर पसंत पडलं की मला दाबतो. मला दाबल्याशिवाय घोडा जागचा हलत नाही. एवढी माझी पत!

सुरुवातीला मी नुसती हिरवी पट्टी होतो. दाबलं तरी मख्ख. चेतनाने मला वळण लावलं. बोट लागलं की अंग जरा आत घे, रंग गडद कर, ‘टक’ असा आवाज दे, आणि मग घोड्याला हाक मार. फोनवर ती खेळाची चित्रं काढणाऱ्या तिच्या जोडीदाराला म्हणाली होती, “दाबणाराले समजाले पाहिजे का आपलं कोणी ऐकी ऱ्हायनं. जवाब नही भेटना तं तो पुन्हा दाबस, आन् मंग शिवी देस.” मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, पोरगी शहाणी आहे. माझं चुकलं. म्हणजे पोरगी शहाणीच आहे, पण तिच्या शहाणपणाला एक खिंडार होतं, ते पुढे येईलच.

तिच्यासाठी हा खेळ म्हणजे पोरखेळ नव्हता. घरी वाद पेटला होता. भटूआबांचं म्हणणं, धुळ्याला जा, बी.एड. कर, मास्तरीण हो. शेवटी आई मंगलाबाईंनी मध्ये पडून तोड काढली. दत्तजयंतीच्या यात्रेत खेळ मांडायचा. लोकांनी खेळला तर चेतनाने घरी बसून हेच काम करायचं, किती वर्षं ते मग ठरवायचं. नाही खेळला तर गुपचूप धुळ्याची बस धरायची. आबा म्हणाले, “लोके खेळनात तं मी आडवा येवाव नही. नही खेळनात तं तू रडू नको.” पोरीचं सगळं माझ्या अंगावर येऊन पडलं होतं, कारण मला दाबल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नव्हता. मी म्हटलं, ये, कोणाचंही बोट येऊ दे, मी उत्तर देतो.

आणि इथे तो जिनेश आला! अक्कलकुव्याच्या सुभाषचंद शेटजींचा मुलगा, म्हणजे कापडाच्या दुकानातला. फोनवरचा जोडीदार तो हाच, खेळाची चित्रं काढायचा. घोडे छान काढले, खोटं का बोलू. पण कापडवाल्याच्या पोराला कापड दिसल्याशिवाय चैन पडेल का? आमच्याकडे जनावराचा भाव चारचौघांत तोंडाने बोलत नाहीत. घेणारा नि देणारा हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून, जितकी बोटं तितका आकडा, काय ते ठरवतात. बघणाऱ्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. जिनेशला वाटलं, सौद्याच्या बटणावर रुमाल हवाच. काढला की त्याने लाल काठाचा, झिरझिरीत, खालची अक्षरं दिसतील असा. आणि अंथरला थेट माझ्या तोंडावर! डाव्या बाजूला माझी बोटभर हिरवी कड तेवढी बाहेर राहिली. चेतना तो बघून नुसती नाचली. “जिनेश, रुमाल तं असा काढा का हात घालाना वाटस!”

हात घालाना वाटस! अगं बये, पण हात पोचतो का ते बघितलंस का?

काचेच्या आतल्या जगाचा एक कायदा आहे. बोट वरून येतं आणि सगळ्यात वर जो बसलाय त्याच्या वाट्याला जातं. रुमाल वर, मी खाली. रुमालाने बोट घेतलं की ते तिथेच संपलं. रुमाल काही करतो का? छट्! नुसता पडलेला असतो. चित्राच्या सेटिंगमधली एक साधी खूण काढून टाकली की चित्राला बोट लागत नाही, ते आरपार खाली येतं. जिनेशला ही खूण ठाऊक नव्हती. चेतनाला ठाऊक होती, पण तिला वाटलं सगळं नीट चाललंय. कारण तिच्या लॅपटॉपचा टचपॅड कधीचा मेलेला. ती मला बोटाने दाबायचीच नाही, एंटर मारायची. आणि एंटर येतो मागच्या दाराने. त्याच्या वाटेत रुमाल नाही नि फिमाल नाही. ती एंटर मारायची, मी ‘टक’ म्हणायचो, घोडी मान हलवत यायची, आणि दोघं फोनवर एकमेकांची पाठ थोपटायचे. मी आतून बोंबलत होतो, अरे, बोटाने दाबून बघा रे! पण बटणाला दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

यात्रा भरली. घोड्यांच्या साजाच्या दुकानाशेजारी आमचा मांडव. जिनेशने कुठून तरी मोठा टच स्क्रीन आणून उभा केला. आबा नवीन टोपी घालून खुर्चीवर बसले. पहिली बाई पुढे आली, रंजनाबाई, आमच्याच गल्लीतली. तिने घोडी निवडली, कौतुकाने बोट उचललं आणि दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने. मग थाप मारली, जशी म्हशीच्या पाठीवर मारतात. मला काही लागलंच नाही, सगळं त्या रुमालाच्या पोटात. “चेतना, तुन्हं बटण बिघडेल शे व माय,” म्हणाली आणि जिलेबीकडे गेली.

बिघडेल शे! मी? ज्याने हलायचं नाही तो वर ऐटीत पडलाय, आणि बिघडलो मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मागून येणाऱ्या प्रत्येकाने तेच केलं. दाबायचं, वाट बघायची, पुन्हा दाबायचं, शिवी द्यायची, निघून जायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो. आणि सगळे जाताना काय म्हणत? “रुमाल मस्त काढेल शे!”

चेतना धावत लॅपटॉपकडे जायची, एंटर मारायची. टक! घोडी हजर. “देखा, मन्हाकडे तं चालस!” तिचा आवाज रडवेला झालेला. जिनेश स्क्रीन पुसत बसला, जसं काही काचेवरच्या धुळीने मी बहिरा झालो होतो.

आबांनी बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “पोरी, तुन्हाकडे चालस. पण तू काय हर एकना घर जाईसन बठशी का?”

आबांनी खिशातून फोन काढला आणि धुळ्याच्या पुतण्याला लावला. “ललित, त्या बी.एड.नं काय ते देखी ठेव रे भो.” पोरगी रडली नाही. आबांनी आधीच बजावलं होतं ना, रडू नको म्हणून. ती स्क्रीनची वायर गुंडाळायला वाकली. माझा असा संताप झाला की सांगता सोय नाही. अगं, माझ्यावरचं ते फडकं उचल आधी!

तेवढ्यात नवलसिंग आले. घोड्यांचे व्यापारी, दरसालचे. पलीकडच्या दावणीला त्यांची जनावरं होती. म्हणाले, “थांब व बेटा, मी तं अजून खेळनूच नही.” घोडीच्या चित्राकडे बराच वेळ बघितलं, मान डोलावली. मग रुमाल दिसला. त्यांचा हात आपोआप सवयीने गेला, रुमालावर नाही, रुमालाच्या कडेने. खालून आत सरकवतात तसं बोट डावीकडून नेलं, आणि ते माझ्या उघड्या कडेला लागलं.

टक!

आयुष्यातलं माझं पहिलं बोट. राठ होतं, घोड्याचा वास येत असावा. मी अंग आत घेतलं, रंग गडद केला, आणि घोडीला अशी हाक मारली की ती उड्या मारत आली. “उनी! घोडी उनी!” नवलसिंग लहान पोरासारखे ओरडले. मग दुसऱ्या घोड्यासाठी रुमालाच्या मधोमध दाबलं. मी पुन्हा मुकाट.

चेतना वायर हातात धरून तशीच उभी. “काका, पयले बोट कोठे लायं व्हतं?”

“आठे. कडले.”

तिने कडेला दाबलं. टक. मधे दाबलं. काही नाही. कडेला. टक. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. “जिनेश, तुन्हा रुमाल बोट खाई ऱ्हायना रे!” लॅपटॉपपुढे बसली, खूण काढली, खेळ पुन्हा चालू केला. एवढंच होतं! एवढ्याचसाठी माझी दिवसभर बदनामी!

मग काय, नवलसिंगांनी आपल्या सगळ्या गोताला हाका मारल्या. रंजनाबाई जिलेबीचा पुडा घेऊन परत आली आणि रांगेत भांडून पुढे घुसली. चिकट बोटं, मेंदीची बोटं, लगाम धरून घट्टे पडलेली बोटं. मी एकालाही उपाशी पाठवलं नाही.

गर्दी ओसरल्यावर आबा उठले. मला वाटलं, आता तरी हा माणूस मला दाबेल. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्यावरचा टावेल काढला आणि चेतनाच्या हातावर टाकला.

“बोल. किती वरीस?”

“आबा, लोके देखी ऱ्हायनात.”

“देखू दे. वर टावेल शे ना.”

टावेल जरा हलला. खाली काय झालं ते मला कसं दिसणार? आबा टावेल झटकून, घोडे बघायला म्हणून निघून गेले. चेतनाने मंगलाबाईंना फोन लावला, आणि दिवसभर न रडलेली पोरगी तेव्हा रडली. “माय, मी एकच बोट धरं व्हतं. आबानी दोन धरात.”

दोन वर्षं. चांगलं झालं, मला आनंद आहे. पण माझ्या अंगावर ‘सौदा’ लिहिलंय की नाही? मग खरा सौदा झाला तेव्हा मला कोणी विचारलं? टावेलाखाली उरकून टाकला!

आता नवा खेळ चाललाय. चेतनाने टचपॅड दुरुस्त करून घेतलाय, मला रोज बोटाने दाबते, एवढं बरं आहे. पण जिनेश गप्प बसेल तर शपथ. आता म्हणे बटणाला झेंडूचं तोरण लावायचंय. लावा बाबांनो, काय हवं ते लावा.

तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी. कुठलंही बटण मुकं वाटलं तर लगेच बिघडेल शे म्हणू नका. आधी त्याच्या तोंडावर कोणी काय टाकलंय ते उचलून बघा. शिवी मग द्या, आणि ती टाकणाऱ्याला द्या.