सेकंदकाकांचा अंगठा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात, वाळलेल्या पेनांच्या डब्यामागे जे चावीचं स्टॉपवॉच पडलंय ना, ते मीच. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण धावण्याच्या शर्यती मोजणार. नशिबी आले उंदीर.

नैराश्यावरची नवी औषधं माणसांना देण्याआधी इथे उंदरांना देऊन पाहत. मग उंदराला काचेच्या उंच भांड्यात, पाण्यात सोडत. आधी तो जिवाच्या आकांताने पोहायचा, काचेवर नखं मारायचा. मग दमून नुसता तरंगत राहायचा. तो तरंगला की मी सुरू, पोहू लागला की मी बंद. औषध घेतलेले उंदीर कमी वेळ तरंगले, तर औषधात दम आहे असं धरत.

माझं बटण ज्यांच्या अंगठ्याखाली असे, त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. संशोधनाच्या प्रमुख मॅडम सांगायच्या, "काकांनी मोजलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" माझीही छाती फुगायची.

मग काकांची मुलगी आजारी पडली. बडबडी पोर, चार महिने खोलीबाहेर येईना. त्याच सुमारास एक नवं औषध तपासायला आलं. औषध कोणाला आणि साधं पाणी कोणाला, हे मोजणाऱ्याला कळू नये असा नियम होता. पण यादी टेबलावर उघडी राहिली आणि काकांनी ती वाचली.

त्या दिवशी औषधवाला उंदीर तरंगू लागला, तरी अंगठा खाली येईना. एक सेकंद. दोन. कधी तीन. मला कळत होतं, पण दाबल्याशिवाय मला चालता येत नाही.

आकडे झकास आले. मॅडमनी काकांची पाठ थोपटली. मी चुकून त्यांच्या खिशातच राहिलो आणि घरी गेलो.

"बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊ या का?" मुलीने विचारलं.

"त्या जुन्या गोळ्या कशाला, पोरी? थोडी कळ काढ. आमचं औषध येतंय. मी स्वतः मोजलंय."

ती थांबली. तब्बल अकरा महिने.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेला तसा गुण काही दिसेना. म्हणून मॅडमनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि नवे चाळीस उंदीर आणले. औषधाने तसूभर फरक पडला नाही. मेंदू तपासण्यासाठी, आधीच्या उंदरांसारखंच, त्या चाळिसांनाही मारलं गेलं.

काकांनी मला टेबलावर ठेवलं. "मॅडम, कुठला उंदीर कुठला ते मला माहीत होतं. मी उशिरा दाबत होतो."

मॅडमनी नव्या उंदरांची यादी काकांसमोर सरकवली. "काका, मग हे चाळीस कशासाठी गेले?"

काका त्याच दिवशी मुलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. जुन्याच गोळ्यांनी आणि डॉक्टरांशी बोलून बोलून ती हळूहळू सावरली, असं पुढे ते मॅडमना सांगत होते. "माझे अकरा महिने, बाबा," एवढंच ती एकदा म्हणाली होती.

आता कॅमेरा मोजतो आणि मी गंजतोय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या दोन-तीन सेकंदांचं.

मित्रांनो, जिथे तुमची माया गुंतली असेल, तिथे हात जास्त सांभाळा. आणि मुक्या जीवाला कधी पाण्यात सोडावंच लागलं, तर एवढं करा. त्याला बोलता येत नाही. त्याने जे सोसलं, त्यातून तुमच्या वहीतला एक आकडाच काय तो मागे उरतो. तो तरी खरा लिहा.